साठीच्या टॉवेलवर विनोद भरावा का, आणि भरायचा तर कसा?

सुईदोरा_महाल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी नागपुरात महाल भागात राहते आणि घरूनच कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची कामे घेते. पूर्वी साड्यांचे काठ, ब्लाउजच्या बाह्या आणि शाळांचे बिल्ले एवढेच काम असे. आता मात्र पन्नाशी, साठी आणि पंचाहत्तरीच्या वाढदिवसांसाठी टॉवेल, उशांचे अभ्रे, एप्रन आणि टोप्या यांवर काहीतरी गमतीशीर भरून द्या, अशी मागणी वाढली आहे.

अडचण अशी की या प्रसंगांसाठी विकत मिळणारी बहुतेक तयार डिझाइन्स इंग्रजीत आहेत आणि त्यांतला विनोद काळे फुगे, थडग्याचा दगड, वाकलेला म्हातारा यांच्याभोवती फिरतो. आपल्याकडे त्याच दिवशी सकाळी औक्षण होते, काही घरांत षष्ट्यब्दिपूर्तीची शांत असते, आणि संध्याकाळी त्याच माणसाच्या हाती थडग्याचे चित्र असलेला टॉवेल द्यायचा, हे मला पटत नाही. विनोद हवाच, कारण त्यावाचून ही भेट म्हणजे नुसते नाव घातलेले कापड होईल. पण तो आपल्या भाषेतला असावा आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याला सर्वांत आधी हसू यावे, असे माझे मत आहे.

तर प्रश्न दोन आहेत. मराठीत कोणत्या ओळी चालतात आणि कोणत्या चालत नाहीत? आणि १३० × १८० मिमीच्या हूपमध्ये (मशीनवर कापड ताणून धरणाऱ्या चौकटीत) देवनागरी ओळ स्वच्छ बसवण्यासाठी तुम्ही काय करता?

गांधीबागकर

ताई, माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी बरेच जण ‘साठी बुद्धी नाठी’ हीच ओळ मागतात. म्हण सर्वांच्या ओठांवर आहे, वाचताक्षणी कळते आणि मित्रमंडळींत कोणी वाईट वाटून घेत नाही. पन्नाशीसाठी ‘अर्धशतक, नाबाद’ ही ओळ आणि बाजूला बॅट, हे डिझाइन कायम चालते. जामठ्याच्या मैदानावर सामना असला की त्या आठवड्यात तर हमखास.

अनुस्वार

गांधीबागकर यांच्या क्रिकेटच्या ओळीला पूर्ण अनुमोदन. म्हणीला मात्र माझा विरोध आहे. मी शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आहे आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण घरोघरी कशासाठी वापरली जाते, हे मला चांगले ठाऊक आहे. घरातल्या वडीलधाऱ्याने काही मत मांडले की त्याला गप्प बसवण्यासाठी ती वापरतात. तोंडी बोललेली थट्टा त्याच संध्याकाळी विरून जाते, पण धाग्याने भरलेली थट्टा न्हाणीघराच्या खुंटीवर कित्येक वर्षे टांगलेली राहते आणि तो माणूस रोज सकाळी तिच्याने तोंड पुसतो. ज्या ओळीने रोज तोंड पुसता येत नाही ती ओळ टॉवेलवर भरू नये, एवढाच माझा निकष आहे.

त्याऐवजी ‘साठी आली, काठी नाही’ असे का करू नये? यमक तेच राहते, म्हणीचीही आठवण होते आणि विनोदाचा रोख उलटा होऊन सत्कारमूर्तीच्या बाजूने वळतो.

पाटोडी

‘साठी आली, काठी नाही’ ही ओळ मी आजच माझ्या मोठ्या जावेसाठी उचलत आहे. अनुस्वार ताई, मनापासून आभार.

टाकेमोजणी

धागाकर्तीच्या दुसऱ्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, कारण पंचिंग, म्हणजे चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवणे, हाच माझा व्यवसाय आहे आणि विनोद कितीही चांगला असला तरी अक्षर वाचता आले नाही तर तो वाया जातो.

देवनागरीची खरी कसोटी शिरोरेषेवर लागते. सॅटिनचा टाका (पट्टीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ पडणारा) ज्या दिशेने पडतो त्या दिशेने कापड आत ओढले जाते, त्यामुळे अक्षराचे उभे दांडे आणि शिरोरेषा यांच्यामध्ये बारीक फट पडते आणि शब्द विस्कटल्यासारखा दिसतो. यावर उपाय असा की आधी सर्व अक्षरे भरावीत, शब्दाची शिरोरेषा शेवटी एका सलग पट्टीत भरावी आणि अक्षरांची वरची टोके त्या पट्टीच्या आत साधारण अर्धा मिलिमीटर शिरतील अशी ठेवावीत. ओढ भरून काढण्यासाठी पट्टीच्या रुंदीत सुती कापडावर ०.२ मिमी आणि टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडावर ०.४ मिमीपर्यंत वाढ द्यावी. टाक्यांमधले अंतर ०.४ मिमीच्या आसपास पुरते. त्याहून दाट केले की कापड सुरकुतते आणि सुईही तुटते.

सॅटिनची पट्टी १ मिमीपेक्षा अरुंद नको आणि ७ मिमीपेक्षा रुंद नको. अरुंद पट्टीत टाके एकमेकांवर चढतात, तर रुंद पट्टीतले लांब टाके बांगडीत अडकून उपसले जातात. पट्टीखाली आधाराचे टाके अवश्य द्यावेत: बारीक रेघेला मधोमध एक धावता टाका आणि जाड रेघेला कडेने फिरणारा टाका. वेलांटीचा वळसा आणि रफाराचे टोक इथे टाके दाटतात, म्हणून वळणाच्या आतल्या बाजूचे टाके थोडे आखूड करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती सुरू ठेवावी.

सुती कापडावर अक्षराची उंची, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंत आणि मात्रा सोडून, ८ मिमीपेक्षा कमी ठेवू नये. टॉवेलवर १२ मिमी ठेवावी. जोडाक्षरांकडे विशेष लक्ष द्यावे. ‘बुद्धी’मधल्या ‘द्ध’च्या पोटातली जागा लहान आकारात हमखास बुजते, तिथे हलन्त देऊन सुटे अक्षर वापरले तर ते वाचता येते. अनुस्वाराचा टिंब दीड मिमीपेक्षा लहान झाला तर तो धाग्याचा डाग वाटतो. ‘साठी आली, काठी नाही’ या ओळीत एकही जोडाक्षर नाही आणि ‘ठ’चे पोट मोठे आहे, त्यामुळे दोन ओळींत मांडली तर ती १०० × १०० मिमीच्या लहान हूपमध्येही सहज बसते.

ज्यांना महागडे सॉफ्टवेअर परवडत नाही त्यांनी इंकस्केप या चित्रे काढण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये इंक-स्टिच हे मोफत विस्तारसाधन जोडून पाहावे. युनिकोड फॉन्टमध्ये शब्द लिहून, त्याचे बाह्यरेखेत रूपांतर करून आणि मग पट्ट्या हाताने आखून उत्तम काम होते. आपोआप टाके भरण्यावर मात्र देवनागरीसाठी विसंबू नये.

बडग्या_प्रेमी

आपण नागपूरकर असून विनोदासाठी इकडेतिकडे का पाहतो, हे मला समजत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या (गावाची पीडा सोबत नेणाऱ्या पुतळ्याच्या) मिरवणुकीत बडग्यांवर (टीका करणाऱ्या गमतीदार पुतळ्यांवर) लिहिलेल्या ओळी वाचायला अख्खे शहर रस्त्यावर उतरते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते आहे, म्हणजे गावाच्या पिडेला चारचौघांत हसत हाकलून लावण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. साठीच्या टॉवेलवर मी सुचवीन: ‘गुडघेदुखी घेऊन जा गे मारबत!’ पंचाहत्तरीसाठी गुडघेदुखीच्या जागी ‘पथ्यपाणी’ घालावे.

पाटोडी

ही ओळ वाचून आमच्याकडे सर्वजण मोठ्याने हसले. माझ्या सासूबाईंनी तर ‘गुडघेदुखीबरोबर बिनसाखरेचा चहाही घेऊन जा म्हणावे’ अशी भर घातली.

निरांजन_७५

मला ओळ आवडली तरी एक शंका मांडते. मिरवणूक संपल्यावर मारबतीचे दहन होते. ज्या वस्तूचे शेवटी दहन होते तिचे चित्र हयात वडीलधाऱ्यांच्या वाढदिवसाच्या भेटीवर आमच्या घरात चालणार नाही, आणि अशी भावना अनेक घरांत असेल. बडग्याप्रेमींना दुखवण्याचा हेतू नाही.

बडग्या_प्रेमी

निरांजन ताई, शंका रास्त आहे. परंतु मी चित्र सुचवलेलेच नाही, फक्त हाळी सुचवली आहे. हाळीत जाते ती गुडघेदुखी. माणूस आपल्या घरी सुखरूप राहतो, किंबहुना त्याने तसे राहावे म्हणूनच ती हाळी असते. चित्र हवेच असेल तर एक गुडघा आणि त्यातून पळ काढणारी वेदनेची वाकडी रेघ, एवढे पुरेसे आहे.

टाकेमोजणी

मोजून पाहिले. ही ओळ १२ मिमी उंचीच्या अक्षरांत सलग भरली तर १८० मिमीच्या हूपमध्ये कडेला जागाच उरत नाही. वर ‘गुडघेदुखी’ आणि खाली ‘घेऊन जा गे मारबत’ अशी मांडल्यास छान बसते. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत अडकू नयेत म्हणून दोन ओळींमध्ये अक्षराच्या उंचीइतके अंतर ठेवावे.

अंबाझरीचा_फेरा

मी या धाग्यावरचा बहुधा एकमेव सदस्य आहे ज्याला असा टॉवेल मिळालेला आहे. माझी सत्तरी उलटली आहे. त्यामुळे घेणाऱ्याच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

सकाळी तलावाकाठी फिरताना आमच्या मित्रांत एकमेकांच्या गुडघ्यांची, कवळ्यांची आणि विसराळूपणाची जी थट्टा चालते ती इथे लिहिण्यासारखी नाही, आणि तिचे कोणालाही वाईट वाटत नाही, कारण थट्टा करणाऱ्याचेही गुडघे दुखत असतात. तीच ओळ पंचविशीतल्या भाच्याने भरून आणली तर मी हसेन, पण टॉवेल कपाटात ठेवीन. अनुस्वार ताई ओळीचा निकष लावतात. मी म्हणेन की ओळ कोण देत आहे हेही तितकेच पाहावे. बरोबरीच्या माणसाने दुखण्यावर विनोद करावा आणि लहानांनी सवयीवर करावा. माझ्या मुलीने दिलेल्या टॉवेलवर ‘सत्तरी झाली, पेपर आधी मीच वाचणार’ असे भरले आहे. हे माझ्याविषयी खरे आहे, आमच्या घरातल्या सर्वांना ते ठाऊक आहे, आणि तो टॉवेल मी रोज वापरतो.

सुईदोरा_महाल (धागाकर्ती)

काका, तुमचा प्रतिसाद मी वहीत उतरवून घेतला आहे. गिऱ्हाईक आले की ‘भेट कोणाकडून आहे?’ हा प्रश्न मी यापुढे नावाच्याही आधी विचारणार आहे.

छत्तिसगुणी

थोडे अवांतर वाटेल, पण मुद्दा डिझाइनचाच आहे. मैलाचे वाढदिवस शून्यानेच संपले पाहिजेत असे कोणी सांगितले? देवनागरी ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून बसले की छत्तीसचा आकडा होतो, आणि तेच ६३ असे लिहिले की समोरासमोर येतात. आमच्या ओळखीच्या एका जोडप्यातील काकांच्या त्रेसष्टाव्या वाढदिवसाला दोन उशांचे अभ्रे केले: एकावर ‘३६’ आणि खाली ‘लग्नानंतर’, दुसऱ्यावर ‘६३’ आणि खाली ‘निवृत्तीनंतर’. दोन्ही आकड्यांना डोळे व मिशा काढल्या होत्या. काकूंनी लगेच विचारले की मिशा दोन्ही आकड्यांना का, आणि त्या म्हणाल्या ते बरोबरच होते.

गांधीबागकर

छत्तिसगुणी, हे डिझाइन अस्सल मराठी आहे. कोणत्याही परदेशी संचात ते मिळणे शक्य नाही.

निरांजन_७५

सहस्रचंद्रदर्शनासाठी कोणी काही केले आहे का? माझ्या आत्याचा तो सोहळा पुढच्या वर्षी आहे. शेल्यावर खरोखरच १००० चंद्र भरता येतील का, की ही कल्पना केवळ बोलण्यापुरती सुंदर आहे? खाली ‘१००० पाहिले, पुढचे मोजणे चालू आहे’ अशी ओळ घालण्याचा विचार आहे.

टाकेमोजणी

निरांजन ताई, हे नक्की होते. फक्त चंद्र सुटे सुटे भरू नयेत. १००० सुटे ठिपके म्हणजे १००० वेळा धागा कापणे, आणि घरगुती मशीनवर त्यातच दिवस जाईल. मागे उरलेली धाग्याची टोके वेगळीच.

त्याऐवजी २ मिमी व्यासाचा गाठीसारखा ठिपका घ्यावा आणि ठिपक्यांच्या केंद्रांमध्ये ४ मिमी अंतर ठेवून ४० उभ्या आणि २५ आडव्या रांगांची जाळी मांडावी. ती १६० × १०० मिमीत बसते, म्हणजे धागाकर्तीने सांगितलेल्या १३० × १८० च्या हूपमध्ये एकदाच हूप लावून काम होते. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाताना मधला २ मिमीचा टाका तसाच राहू द्यावा. रांग मण्यांच्या माळेसारखी दिसते आणि धागा कापावा लागत नाही. ठिपक्याला सुमारे १५ टाके धरले तर एकूण १५,००० टाके होतात आणि मिनिटाला ६०० टाक्यांच्या वेगाने निव्वळ शिवण २५ मिनिटांत संपते. शेला रेशमी असेल तर वेग कमी ठेवावा, सुई नवी लावावी आणि हूपचा वळ उमटू नये म्हणून कापड थेट हूपमध्ये न दाबता हूपमध्ये लावलेल्या स्टॅबिलायझरवर (कापडाला मागून आधार देणाऱ्या थरावर) हलके चिकटवून घ्यावे.

अंबाझरीचा_फेरा

हिशेब आवडत असेल त्यांच्यासाठी: एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात. १००० पौर्णिमांचे २९,५३० दिवस होतात, म्हणजे जवळजवळ ८० वर्षे आणि १० महिने. निरांजन ताईंनी आत्यांची तारीख यावरून पडताळून पाहावी, म्हणजे शेल्यावरचा आकडा पंचांगाशीही जुळेल.

निरांजन_७५

आपणा दोघांचेही आभार. जाळीतला शेवटचा एकच ठिपका सोनेरी धाग्याने भरण्याचे मी ठरवले आहे.

घरचा_हूप

टॉवेलवर भरणाऱ्यांसाठी माझा अनुभव. टॉवेलच्या फासांत अक्षर बुडते, म्हणून वरून पाण्यात विरघळणारी फिल्म लावणे अनिवार्य आहे. त्याखेरीज अक्षरांच्या खाली टॉवेलच्याच रंगाच्या धाग्याने एक विरळ जाळी आधी भरून घेतली तर फास कायमचे दबून राहतात. फिल्म पहिल्या धुण्यातच जाते, ही जाळी मात्र टिकते. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ही फिल्म कडक होऊन तडकते आणि कुलरसमोर ठेवली तर ओलीचिंब व चिकट होते, त्यामुळे ती झिपच्या पिशवीत बंद ठेवावी आणि लागेल तेवढीच कापून घ्यावी.

टॉवेल वारंवार गरम पाण्यात धुतला जातो, म्हणून रेयॉनपेक्षा पॉलिएस्टरचा धागा घ्यावा. टॉवेल आणि सुती अभ्रे भरण्यापूर्वी एकदा धुऊन घ्यावेत, म्हणजे नंतर कापड आटून ओळ चुरगळत नाही. गडद केशरी टॉवेलचा रंग निघतो का, हेही त्याच वेळी कळते.

एका गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, ती म्हणजे मागची बाजू. वयस्कर माणसांची त्वचा नाजूक असते आणि सॅटिनची मागची बाजू, विशेषतः गाठी आणि स्टॅबिलायझरची कापलेली कड, खरखरीत असते. इस्त्रीने चिकटणारे मऊ, विणीचे अस्तर मागून लावावे आणि त्याचे कोपरे गोल कापावेत, म्हणजे ते उचकटत नाहीत. अभ्र्यावर ओळ मधोमध न घेता कडेच्या पट्टीत घ्यावी. गालाखाली विनोद टोचला तर झोप लागणार नाही.

गांधीबागकर

मागच्या बाजूच्या अस्तराचा मुद्दा अत्यंत महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल गिऱ्हाइकाकडून थोडे जास्त पैसे मागायला संकोच करू नये. आमच्याकडे दर हजार टाक्यांमागे भाव लावतात. पण एखाद-दुसऱ्या नगासाठी केलेले पंचिंग वेगळे धरलेच पाहिजे, नाहीतर एका टॉवेलसाठी केलेली मेहनत अंगावर पडते.

अनुस्वार

तयार डिझाइन विकत घेणाऱ्यांना एक विनंती. त्यासोबतच्या परवान्यात भरलेली वस्तू विकण्यास परवानगी आहे की केवळ घरगुती वापरास, हे वाचून घ्यावे. फाइल मैत्रिणींना पाठवणे तर बहुतेक परवान्यांत बसत नाही. लोकप्रिय कार्टूनची पात्रे आणि चित्रपटांतले संवाद भरून विकण्याचा मोहही टाळावा. म्हणी, आकडे आणि मारबतीची हाळी सर्वांची आहे, आणि या धाग्यावरच किती ओळी तयार झाल्या ते पाहा.

झिरो_माइल

पन्नाशीसाठी माझ्याकडूनही एक. नागपुरात राहून मैलाच्या दगडावर विनोद न करणे बरे दिसत नाही. शून्य मैलाचा वालुकाश्माचा खांब आणि त्याजवळचे चार घोडे सर्वांना परिचित आहेत. खांबाची नुसती बाह्यरेखा, पुढे एकच घोडा आणि खाली ‘५० वा मैल: तर्री-पोह्यांसाठी थांबा’. चारही घोडे १३० मिमीत भरायला गेल्यास पाय एकमेकांत मिसळतात, म्हणून एकच घ्यावा आणि तोही धावत्या टाक्याने. तर्रीचा लाल आणि पोह्यांचा पिवळा एवढे दोनच रंग भरीव ठेवले तर डिझाइन उठून दिसते आणि रंग बदलण्याचा वेळही वाचतो.

सुईदोरा_महाल (धागाकर्ती)

इतके भरभरून लिहिल्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. एक प्रत्यक्ष प्रश्न अजून उरला आहे. एका साठीच्या कुर्त्यासाठी मुलांना विनोद हवा आहे आणि आईंना समारंभात तो दिसायला नको आहे. दोन्ही बाजू मला रास्त वाटतात. बाहेरून खिशावर फक्त नावाचे आद्याक्षर आणि विनोद आत, असे करावे म्हणते. पण थेट कुर्त्यावर आतून भरले तर उलटी बाजू बाहेर दिसेल.

घरचा_हूप

ताई, कुर्ता शिवण्याआधी खांद्यामागच्या पट्टीचे आतले कापड मागून घ्या. ती पट्टी दुहेरी असते, त्यामुळे आतल्या थरावर भरलेली ओळ बाहेर दिसत नाही आणि मागची खरखरीत बाजू दोन थरांमध्ये झाकली जाते. कुर्ता घालताना मात्र ओळ नेमकी डोळ्यांसमोर येते. ओळ मानेच्या मध्यापासून दोन्हीकडे सारखी बसावी म्हणून कापड अर्ध्यावर दुमडून खडूची खूण करा आणि शिवणीसाठी चारही बाजूंनी दीड सेंटिमीटर मोकळे सोडा.

अंबाझरीचा_फेरा

उत्तम तोडगा. मुले खूश, आई खूश, आणि समारंभात खोडकर हसायला वडिलांना कारण मिळेल.

टाकेमोजणी

भरण्यापूर्वी त्याच कापडाच्या तुकड्यावर एक नमुना काढून त्याचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवा आणि ओळीतले ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्याकडून लेखी मंजूर करून घ्या. दुसऱ्याच्या मशीनवर काम करून घेणार असाल तर डीएसटी (मशीनला टाके सांगणाऱ्या) फाइलसोबत धाग्यांच्या रंगांचा क्रम वेगळा लिहून द्या, कारण त्या फाइलमध्ये रंगांची नोंद राहत नाही आणि तर्री निळी झाली तर तिकडच्या कारागिराला दोष देता येणार नाही. खांद्याच्या पट्टीसाठी ‘साठी आली, काठी नाही’ एकाच ओळीत मांडलेली हवी असल्यास कापडाचा प्रकार आणि हूपचे माप इथेच लिहा. मी त्याप्रमाणे ओढीची भरपाई किती ठेवायची ते सांगतो.

सुईदोरा_महाल (धागाकर्ती)

कापड खादीचे आहे, मध्यम जाडीचे आणि एकदा धुतलेले. हूप १३० × १८०. ओळ तीच ठेवायची आहे.

टाकेमोजणी

मग अक्षर १० मिमी, भरपाई ०.२५ मिमी, मागे कापून काढायचे स्टॅबिलायझर आणि ७५/११ ची सुई. खादीची वीण विरळ असते, म्हणून आधाराचे टाके वगळू नका.